ठाण्याला आलेला इटालियन पंच

शब्दकोशात एक शब्द शोधायला जावं आणि भलत्याच शब्दाशी गाठ पडावी, ही माझी जुनी खोड. बी.ए.ला असताना आटगावहून कल्याणला लोकलनं जायचो, तेव्हा पिशवीत एक जुना, पाठ फाटलेला इंग्रजी कोश असायचा. त्यात एकदा 'फॅन्टोचिनी' हा शब्द सापडला. अर्थ दिला होता, दोऱ्यांनी हलवायच्या बाहुल्या आणि त्यांचा खेळ. शब्द इटालियन. अठराव्या शतकात खेळवाल्यांबरोबर लंडनला आला, आणि आता इंग्रजांनाही तो फारसा आठवत नाही. त्याच्या मुळाशी 'फान्ते' म्हणजे पोर आहे, आणि त्याही मुळाशी लॅटिनमधला 'न बोलणारा' हा अर्थ. बाहुलीला याहून नेमकं नाव काय असणार? ती हलते, बोलतो मात्र मागचा माणूस.

हा शब्द मराठीत आला नाही. यायची गरजही नव्हती. ज्ञानेश्वरीत कळसूत्री बाहुलीसाठी 'साइखडे' हा शब्द आहे; तोही आता कोशातच राहिला. पण बाहुल्या राहिल्या. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी असं तिन्ही जपलं. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं; त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. आपल्या नाटकातला 'सूत्रधार' हाही मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा असावा, असं पिशेल या जर्मन पंडितानं 1900 साली मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण मला आवडतं.

'फॅन्टोचिनी' आला नाही, पण त्याचा एक भाऊबंद आला, आणि तोही थेट आमच्या जिल्ह्याच्या गावी, ठाण्याला.

इटलीत पुल्चिनेल्ला नावाचं एक सोंग होतं. चोचीसारखं नाक, अंगात खोड्या भरलेल्या. हे नाव बहुधा 'पुल्चिनो', म्हणजे कोंबडीचं पिलू, यावरून पडलं. एका इटालियन खेळवाल्यानं ही बाहुली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये नाचवली; सॅम्युएल पेपिस या रोजनिशीकारानं 9 मे 1662 रोजी तो खेळ पाहिल्याची नोंद केली आहे. इंग्रजांच्या तोंडी पुल्चिनेल्लाचा 'पंचिनेलो' झाला आणि पुढं नुसता 'पंच'. दोऱ्या जाऊन तो हातमोज्याची बाहुली झाला, बायकोला आणि शिपायाला काठीनं बडवू लागला. 1841 साली लंडनमध्ये थट्टेचं साप्ताहिक निघालं, त्याला याच बाहुल्याचं नाव दिलं. ते काढणाऱ्यांपैकी एक हेन्री मेह्यू. पुढं यानंच लंडनच्या रस्त्यावरच्या गरिबांच्या मुलाखती घेतल्या; त्यांत 'पंच'वाला आहे आणि 'फॅन्टोचिनी'वालाही.

मग हिंदुस्थानात पंचांचं पीकच आलं. मुंबईत 'पारसी पंच' निघाला. 1877 साली लखनौला मुन्शी सज्जाद हुसेन यांनी उर्दूत 'अवध पंच' काढला. अकबर इलाहाबादी त्यात लिहीत. आणि ठाण्यात, जिथं काशिनाथ विष्णू फडके यांनी 1866 साली 'अरुणोदय' सुरू केलं होतं, तिथून मराठीत 'हिंदु पंच' निघू लागला. 1909 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा केला आणि जिंकला. त्या धकाधकीत पत्र संपलं.

मला यात गंमत वाटते ती निराळीच. मराठी वाचकाला इटलीतलं कोंबडीचं पिलू कुठून ठाऊक असणार? त्यानं 'पंच' वाचला तो आपला, गावातला, पाचांतला एक, न्याय करणारा. काठीनं बडवणारा बाहुला ठाण्याच्या खाडीवर येऊन पाटावर बसला! शब्द परका आहे हे कुणाला कळलंच नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला 'तुमची भाषा कोणती?' हा प्रश्न जितक्या वेळा विचारतात, त्यातला एकदाही त्या पंचाला कुणी विचारला नसेल. आपला 'पंचनामा' तरी कुठला? अर्धा संस्कृत, अर्धा फारसी.

पंचनामा म्हटलं की मला अब्बा आठवतात. मी सातवीत होतो. एका सरकारी खात्याचे दोघं रात्री घरी आले. रानातून लाकूड चोरल्याबद्दल शेजारच्या पाड्यावरचा एक ठाकर त्यांनी धरला होता. "चाचा, पंच म्हणून इथं सही करा." कागद आधीच लिहून आणलेला. अब्बांनी लाकूड पाहिलं नव्हतं, जागाही पाहिली नव्हती. त्यांनी सही केली. तो ठाकर बाहेर ओट्याखाली उकिडवा बसला होता. दर पावसाळ्यात तो आमचं छप्पर शाकारायला यायचा. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

अब्बा त्या रात्री जेवले नाहीत. अम्मीनं दोनदा विचारल्यावर एवढंच म्हणाले, "त्यांनी दोरी ओढली, माझा हात उठला." बाहुल्यांचा खेळ त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नसावा.

त्या पावसाळ्यात छपरावर अब्बा स्वतःच चढले. पुढं पंच म्हणून बोलवायला कुणी आलं, की ते चष्मा लावून आधी अख्खा कागद वाचायला मागत, आणि मग जागा बघायला चला म्हणत. हळूहळू बोलावणी यायची बंद झाली.