वटहुकूम

‘वटहुकूम’ म्हणताच सत्तेचा दरारा जाणवतो. परंतु अल्पायुष्य हाच त्याचा खरा धर्म होय. १८६१ च्या कायद्याने आणीबाणीच्या प्रसंगी असा हुकूम काढण्याचा अधिकार गव्हर्नर-जनरलला दिला, तो सहा महिन्यांच्या मर्यादेनेच. आमच्या संविधानात त्यास ‘अध्यादेश’ हे संस्कृत नाव मिळाले, मर्यादाही राहिली: विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत कायदा न झाल्यास अध्यादेश लोपतो. तथापि बिहारात १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ अध्यादेश निघाले. मुदत सरली की तोच मजकूर पुन्हा जारी होई; काही तर चौदा वर्षांपर्यंत जगले. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी हा प्रकार धुंडाळून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही प्रथा संविधानाशी केलेली प्रतारणा ठरविली. शब्द तोच, मसुदा तोच, सहीशिक्काही तसाच. मुदत तेवढी निरर्थक झाली, आणि विधिमंडळाचा अधिकार कचेरीत आला. मसुद्याखालील तारखेत सत्तेचा लगाम असतो, हे आम्हां लेखणी चालविणाऱ्यांनी नित्य स्मरावे.