कॅसिनोत शेवटी जिंकतं कोण? समजून घ्या ३७ आकड्यांचं गणित

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. पणजीत मांडवी नदीवर उभी असलेली कॅसिनोची जहाजं इथून शेकडो किलोमीटर लांब. पण मोबाइल आला आणि तेच रुलेटचं चाक इथल्याही खिशात येऊन बसलं. त्याची भुरळ का पडते आणि पैसे नेमके जातात कसे?

गणित काय सांगतं?

युरोपियन रुलेटच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. समजा, प्रत्येक आकड्यावर १०० रुपये लावले. झाले ३,७०० रुपये. एक आकडा लागणारच. त्याचे ३५ पट, म्हणजे ३,५०० आणि लावलेले १०० असे ३,६०० रुपये हातात येतात. म्हणजे गोळी कुठेही थांबली तरी १०० रुपये कॅसिनोचे. त्यासाठी लबाडी करायचीही गरज नाही. हा वाटा सुमारे २.७ टक्के. ऐकायला किरकोळ, पण तो सरासरी प्रत्येक डावात कापला जातो. जितके डाव जास्त, तितकं नुकसान पक्कं.

मग माणूस थांबत का नाही?

थोडक्यात हुकलेला डाव हरल्यासारखा वाटतच नाही. 'आता तरी लागेल' ही आशा सुटत नाही. १९१३ मध्ये मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत गोळी लागोपाठ २६ वेळा काळ्यावर थांबली. आता लाल येणारच, म्हणून लोक पैसे लावत राहिले आणि बुडाले. चाकाला मागचं काहीच आठवत नसतं!

खरा धोका पुढे असतो. गेलेले पैसे काढण्यासाठी बी-बियाण्यांचे, फीचे पैसे लागतात, मग उसनवारी, मग घरच्यांपासून लपवाछपवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या व्यसनाची नोंद आहे.

कायदा काय म्हणतो?

गोव्यात परवाना घेऊन कॅसिनो चालतात. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

त्यामुळे मदत मागायला घाबरू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार करा.