वॉश बेसिनमागे टाइल्स नकोत? मग काय लावायचं?

गंगापूर रोडवरच्या एखाद्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्यानं करायचं ठरलं की कमोड, नळ आणि फरशीवर घरात महिनाभर चर्चा चालते. बेसिनमागची हातभर भिंत मात्र मिस्त्रीवर सोडून दिली जाते. उरलेल्या टाइल्स तिथे लागतात आणि विषय संपतो.

पण या भिंतीतली ओल अनेकदा बाथरूममध्ये दिसतच नाही. ती पलीकडच्या बेडरूममध्ये उगवते. रंगाचे पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी येते आणि मग फोडाफोडी.

पाणी नेमकं कुठून शिरतं?

बहुतेक वेळा काउंटर आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातून. तिथे पांढरं सिमेंट भरलं असेल तर ते कडक होतं आणि काउंटर किंचित हलला तरी तडकतं. सिलिकॉन मात्र लवचीक राहतं. त्यामुळे भिंतीवर काहीही लावा, हा सांधा सिलिकॉननंच भरून घ्या.

लहान नळ आणि खोलगट बेसिन असेल, तर काउंटरच्याच ग्रॅनाइटची चार इंची पट्टी आणि वर धुता येणारा चांगला रंग एवढ्यानं काम भागतं. काउंटर कापताना उरलेल्या तुकड्यातून ही पट्टी निघू शकते, म्हणून दगड कापायच्या आधीच सांगा. काउंटरवर ठेवायचं टेबल टॉप बेसिन आणि उंच नळ असेल, तर शिंतोडे वर जातात. तिथे आरशाच्या खालच्या कडेपर्यंत भिंत झाकावीच लागते.

दगड निवडताना पाणी बघा

नाशिक महापालिकेचं गंगापूर धरणातून येणारं पाणी वेगळं आणि सोसायटीच्या बोअरचं वेगळं. खडकातून झिरपत आलेल्या बोअरच्या पाण्यात क्षार सहसा जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तुमच्या नळावर पांढरा थर जमत असेल, तर काळ्या चकचकीत भिंतीवर प्रत्येक थेंब डाग ठेवून जाईल.

मग हे डाग काढायला आपण लिंबू किंवा व्हिनेगर घेतो. खरी गोची इथे आहे. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही चुन्याचे दगड. आम्ल लागलं की त्यांची चकाकी जाते आणि तो भाग पुन्हा पॉलिश केल्याशिवाय सुधारत नाही. ग्रॅनाइट याबाबतीत सोशिक. आपला काळा बेसॉल्टही तसाच. काळाराम मंदिर ज्या काळ्या दगडात उभं आहे, तो हाच. पण गडद असल्यानं पांढरे डाग त्यावरही उठून दिसतील. बोअरचं पाणी असेल तर माझं मत फिकट, ठिपकेदार ग्रॅनाइटला.

काच आणि आरसा

मागून रंग दिलेली काच एकाच तुकड्यात बसते, मध्ये सांधे नाहीत, पुसायलाही सोपी. अट एकच: टफन्ड काच भट्टीतून आल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही. भिंतीतून येणारा नळ आणि प्लगचा बोर्ड यांची मापं आधीच पक्की हवीत.

आरसाच काउंटरपर्यंत खाली आणायची सध्या फॅशन आहे. दिसतो छान, पण खालच्या कडेनं पाणी शिरलं की मागचा चांदीचा थर काळा पडतो. आरसा काउंटरला टेकवू नका, थोडी फट सोडा. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन आरशाचा थर खराब करतं, संगमरवरावरही ते वापरत नाहीत.

पीव्हीसी पॅनल?

भाड्याच्या घरात ते सोयीचं, स्वस्त, तोडफोडही नाही. लावण्याआधी घरमालकाला विचारा, कारण काढताना गोंद रंगासकट निघतो आणि वाद डिपॉझिटवर जातो.

मात्र ओल झाकण्यासाठी पॅनल कधीच लावू नका. मागे बुरशी वाढत राहते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि एक दिवस थांबा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग पॅनलवाल्याला नाही, प्लंबरला फोन करा.