रक्तदाबाचे औषध : एका नेमाचा इतिहास

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण कृतघ्न माणसाला उद्देशून वापरतो. पण औषधांच्या बाबतीत आपण सारेच थोडेफार तसे वागत असतो. खोकला थांबला की औषधाची बाटली फडताळात जाते, आणि पुढच्या दिवाळीला साफसफाई होईपर्यंत तिची आठवणही राहत नाही. चार दिवसांच्या दुखण्यात हे खपूनही जाते. परंतु एक विकार असा आहे की, ज्यात बहुधा दुखत नाही, खुपत नाही, आणि तरीही औषधाची गरज सहसा सरत नाही. तो म्हणजे वाढलेला रक्तदाब. त्यावरील औषधाचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. तो शास्त्रज्ञांच्या शोधाचा जेवढा आहे, तेवढाच गोळी घेणाऱ्या माणसाच्या स्वभावाचाही आहे.

दाब मोजण्याची विद्या औषधाच्या पुष्कळ आधीची. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते हे पाहिले, तो वृत्तांत 1733 साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीतील रिवा-रोची यांनी 1896 मध्ये काढली, आणि 1905 मध्ये रशियातील कोरोत्कोव यांनी नळीने धमनीचा आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे टिपण्याची रीत दिली. मोजता आले, पण उतरवता येईना. किंबहुना उतरवावा की नाही, याविषयीच दुमत होते. धमन्या अरुंद झाल्या म्हणजे रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीर आपण होऊनच दाब वाढवते, तेव्हा त्यात ढवळाढवळ करू नये, असे मानणारे नामांकित डॉक्टर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कमी नव्हते.

याची किंमत किती मोठी माणसे देत होती, ते अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या उदाहरणावरून दिसते. मार्च 1944 मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले, तेव्हा दाब 186/108 होता आणि हृदय थकले होते. मीठ कमी करणे, विश्रांती, हृदयाला आधार देणारे डिजिटॅलिस, झोपेचे औषध, एवढेच उपाय हाताशी होते. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. त्या दिवशी दाब 300/190 च्या घरात गेला होता. ज्या माणसाच्या सहीने सैन्ये हलत, त्याला देण्यासारखी एकही परिणामकारक गोळी त्या काळी जगाच्या बाजारात नव्हती.

आता आपण आपल्या देशाकडे वळू. बिहारात 'पागल की दवा' म्हणून सर्पगंधेची मुळी पूर्वीपासून विकली जाई. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी त्या मुळीतून काही द्रव्ये वेगळी काढली, आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाला 'अजमलीन' असे नाव दिले. पण ही गोष्ट जगाच्या कानावर घातली ती मुंबईकराने. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या 50 रुग्णांना ही मुळी देऊन आलेला अनुभव 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून 'रिसर्पीन' हे द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले. 1957 साली डॉ. वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

येथवर ऐकून आपली छाती अभिमानाने फुगते, आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाचे पुढचे पान उलटल्यावाचून हे पुस्तक मिटू नये. रिसर्पीन मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांना खोल खिन्नतेने ग्रासल्याच्या नोंदी 1950 नंतरच्या दशकात प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या खिन्नतेत औषधाचा वाटा किती, याविषयी संशोधकांत पुढेही वाद राहिला; परंतु मात्रा पुष्कळ कमी केली पाहिजे आणि रुग्णाकडे लक्ष ठेवले पाहिजे, हे सर्वांना पटले. झाडाची मुळी म्हणून ती निरुपद्रवी, ही समजूत खुद्द आपल्याच सर्पगंधेने खोटी ठरविली. जे औषध दाब उतरवू शकते ते आणखीही काही करू शकते. स्वयंपाकघरातल्या ज्येष्ठमधाचेच पाहा. खोकल्याला त्याचा तुकडा चघळणे वेगळे, आणि त्याचे चूर्ण दररोज भरपूर घेणे वेगळे. असे घेतल्याने रक्तदाब वाढतो, ही गोष्ट रक्तदाबाच्या रुग्णाने विसरून चालणार नाही.

औषधे तर आली. लघवीवाटे मीठपाणी काढून टाकणारी थायाझाइडची गोळीही 1958 च्या सुमारास बाजारात आली. पण त्यांनी माणसे वाचतात काय? याचे उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली दिले. खालचा दाब 115 ते 129 असलेले 143 पुरुष निवडले. 73 जणांना खरी औषधे दिली, त्यांत आपल्या सर्पगंधेतले रिसर्पीनही होते. 70 जणांना दिसायला तशाच, पण पोकळ गोळ्या दिल्या. सरासरी दोन वर्षेही पुरी होण्याआधी पोकळ गोळीवाल्यांत 27 जणांवर पक्षाघातासारखी गंभीर संकटे ओढवली. औषधवाल्यांत केवळ 2 जणांवर. हा निकाल 1967 साली प्रसिद्ध झाला आणि 'ढवळाढवळ करू नये' हे मत मागे पडले.

या प्रयोगातील एक बारीकशी गोष्ट आम्हाला त्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते. प्रयोग सुरू करण्यापूर्वी फ्रीस यांनी उमेदवारांना काही काळ नुसत्या पोकळ गोळ्या दिल्या आणि त्यांत रिबोफ्लेविन हे जीवनसत्त्व मिसळले. ते पोटात गेले की लघवी अतिनील प्रकाशात चमकते. शिवाय उरलेल्या गोळ्या मोजल्या. जे 'घेतो, घेतो' म्हणत आणि घेत नसत, त्यांना प्रयोगातून वगळले. म्हणजे 27 विरुद्ध 2 हा जो विजय, तो औषधाचा खरा. पण नेमाने औषध घेणाऱ्यांच्या हातून मिळालेला. ज्याची गोळी डबीतच राहते, त्याला त्या आकड्यांतला लाभ मागण्याचा हक्क नाही.

आज रिसर्पीन मागे पडले आहे. ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघालेले कॅप्टोप्रिल 1981 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ॲम्लोडिपीनसारखी नवी औषधे घरोघरी पोचली. 2017 साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. औषध स्वस्त झाले, जवळ आले. नेम मात्र ज्याचा त्यानेच पाळावयाचा आहे.

त्या नेमाची कलमे थोडी आहेत. गोळी ठरल्या वेळी, रोज घ्यावी. 'डोके जड वाटले तर' घेऊ नये, कारण दाब बहुधा सांगून वाढत नाही. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. आकडा चांगला आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तो आकडा गोळीमुळेच चांगला आलेला असतो, आणि काही औषधे एकाएकी थांबविल्यास दाब उसळून धोका होतो. कॅप्टोप्रिलच्या जातीच्या गोळीने कोरडा खोकला येतो, ॲम्लोडिपीनने पाय सुजतात, काही गोळ्यांनी एकदम उठल्यावर भोवळ येते. असे झाले तर डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते गोळी बदलून देतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दाब वाढवितात. मिठाऐवजी मिळणाऱ्या पोटॅशियमच्या मिठाविषयीही आधी विचारावे. मूल होऊ घातलेल्या स्त्रीने ही गोष्ट डॉक्टरांना सर्वांआधी सांगावी, कारण कॅप्टोप्रिलच्या जातीची औषधे गर्भाला घातक आहेत. आणि शेजाऱ्याला मानवलेली गोळी आपल्याला मानवेलच, असे समजू नये.

आपल्याकडे एकादशीचा नेम मोडला तर आजीला रात्री झोप लागत नसे. कोणी विचारो वा न विचारो, तो नेम तिचा तिने पाळलेला असे. रूझवेल्टना जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्या फडताळात आहे. ती तिथेच राहू द्यावयाची की सकाळच्या चहाबरोबर आठवणीने घ्यावयाची, एवढाच प्रश्न या इतिहासाने आपल्यासाठी शिल्लक ठेवला आहे.