याच्यात बाई कोन झाला?

ऑफिसच्या कामानिमित्त ब्युनॉस आयर्सला होतो. रविवारी संध्याकाळी बेलग्रानो भागातल्या बागेत, गोल मंडपाखाली लोक टँगो नाचत होते. तिकीट नाही, स्टेज नाही. मी फोनवर फोटो काढत सुटलो. जोडपी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. नाचायला यायचं का, हे नजरेनंच विचारतात. फोनमागे डोळे लपवलेल्याला कोण विचारणार!

टँगो युनेस्कोच्या यादीत २००९ साली गेला. पण तो जन्मला १८८०च्या आसपास, बंदराकाठच्या गरीब वस्त्यांत. युरोपातून आलेले मजूर, आफ्रिकी वंशाचे लोक, सगळ्यांचा त्यात वाटा. घरंदाज लोक नाकं मुरडायचे. १९१३च्या सुमारास पॅरिसला त्याचं वेड लागलं, तेव्हा कुठे इथल्या श्रीमंतांनाही तो चालू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फोटोंत भर रस्त्यात दोन पुरुष एकमेकांना धरून टँगो नाचताना दिसतात.

ते पाहून आजोबा आठवले. आमच्या अल्लीपूरला ते दंडारीत लुगडं नेसून नाचायचे. दंडारीत बाईचं काम पुरुषच करत. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. फोटो तर एकही नाही. आहे तो मतदार ओळखपत्रावरचा.

मी त्या दोन पुरुषांचा फोटो आईला व्हॉट्सॲपवर पाठवला. लगेच उत्तर आलं, “याच्यात बाई कोन झाला?”