आवाज फाटतो तेव्हा

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. शिक्षण अकाउंटिंगचं, नाद रेडिओचा. १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि आसपासचे वादक आपापले बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन तिथे यायला लागले. कुठला सांधा सुटतो, कुठला स्पीकर फाटतो, गाडीत टाकून नेताना नेमकं काय मोडतं, हे त्याला वाजवणाऱ्यांपेक्षा चांगलं कळत गेलं. पुढे त्याने स्वतःचे अ‍ॅम्प बनवायला घेतले. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे डान्स हॉलमध्ये कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारे लोक. त्यांना प्रत्येक सूर स्वच्छ आणि मोठ्याने ऐकू यायला हवा होता. आवाज फाटला तर तो दोष, आणि दोष दुरुस्त करायचा असतो.

आज त्याच माणसाच्या जुन्या अ‍ॅम्पसाठी लोक लाखो रुपये मोजतात, आणि मोजतात ते बहुतेक वेळा तो फाटतो कसा यासाठी.

मी दिवसा कोड लिहितो आणि शनिवार-रविवार बँडमध्ये वाजवतो. आमच्यासारख्यांच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच : लाइव्ह वाजवायचंय, व्हिंटेज टोन हवाय, कुठला ट्यूब अ‍ॅम्प घेऊ? उत्तरात धडाधड मॉडेलची नावं पडतात. मला वाटतं, आधी इतिहास माहीत हवा. तो माहीत नसेल तर माणूस भलत्याच आकाराचा अ‍ॅम्प घेऊन बसतो, आणि मग तो वर्षानुवर्षं आवाजाचं बटण दोनवर ठेवून वाजवतो.

ट्यूब म्हणजे आपल्या आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह. रेडिओ लावला की लगेच आवाज यायचा नाही, आतले दिवे तापेपर्यंत थांबावं लागायचं, हे घरात ऐकलेलं असेलच. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही असे व्हॉल्व्ह बनत. काचेच्या निर्वात नळीत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, समोरची प्लेट ते ओढून घेते, आणि मधे एक जाळी असते. १९०६ साली ली डी फॉरेस्टने भर घातली ती या जाळीची. जाळीवर गिटारचा चिमुकला सिग्नल दिला की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात कमी-जास्त होतो. झालं अ‍ॅम्प्लिफायर.

पण नळीला मर्यादा आहे. सिग्नल फारच मोठा झाला की प्रवाह आणखी वाढू शकत नाही, आणि लाटेचा माथा चपटा होतो. याला क्लिपिंग म्हणतात. गणपतीच्या मांडवातला कर्णा पूर्ण ताकदीने लावल्यावर गाणं चिरकतं, त्यात हेही असतं. फरक माथा कसा चपटा होतो त्यात आहे. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये तो कात्रीने कापल्यासारखा सपाट होतो. ट्यूबमध्ये मर्यादा हळूहळू येते, कडा गोल राहतात. कोड लिहिणाऱ्यांसाठी सांगायचं तर एक क्लॅम्प फंक्शन, दुसरं साधारण टॅन-एच. शिवाय गोल होण्याचं प्रमाण तुम्ही तार किती जोरात छेडता त्यावर ठरतं. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर खरखरीत. वादकाला वेड लागतं ते या हाताखाली बदलण्याचं.

यात आणखी एक गोष्ट असते, तिला सॅग म्हणतात. जुन्या अ‍ॅम्पमध्ये एसीचा डीसी करायलाही ट्यूबच असे. जोरात सूर मारला की तिच्यावर ताण येऊन व्होल्टेज क्षणभर खाली बसे आणि मग सावरे. त्यामुळे सुराची सुरुवात दबते आणि मागून तो फुगून येतो. इंजिनिअरच्या नजरेतून हा सरळ सरळ कमकुवत पॉवर सप्लाय आहे.

हा दोष कोणाला तरी आवडला, याची नोंद बरीच जुनी सापडते. १९५१ च्या मार्चमध्ये आइक टर्नरचा बँड मिसिसिपीहून मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ रेकॉर्ड करायला निघाला. वाटेत विली किझार्टच्या अ‍ॅम्पचा स्पीकर खराब झाला. नेमका कसा, याच्या दोन-तीन गोष्टी सांगतात. पण आत कागद कोंबून तसाच वाजवला, हे सगळ्या गोष्टींत आहे. फिलिप्सला तो घरघराट आवडला आणि त्याने तो पुढे आणून ठेवला. १९५८ च्या ‘रंबल’साठी लिंक रेने स्पीकरला मुद्दाम भोकं पाडली. १९६४ साली लंडनमध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कोन ब्लेडने चिरला. या तिन्ही गोष्टींत फाटलेल्या आवाजामागे काहीतरी खरोखरच बिघडलेलं किंवा फाडलेलं होतं. अ‍ॅम्प धड ठेवून तो आवाज काढण्याची एक गोष्ट लंडनच्याच हॅनवेल भागातल्या ड्रमच्या दुकानात सुरू होते.

जिम मार्शल ड्रमर होता आणि ड्रम शिकवायचा. १९६० साली त्याने दुकान काढलं. ड्रम घ्यायला येणाऱ्यांबरोबर त्यांच्या बँडमधले गिटारवालेही येत. त्यांत पीट टाउनशेंड होता, रिची ब्लॅकमोर होता. ते म्हणत, आम्हाला हवा तसा अ‍ॅम्प इथे मिळत नाही. त्यांना हवा होता अमेरिकन फेंडर, पण तो आयात करून इंग्लंडमध्ये फार महाग पडे. मग मार्शलच्या दुकानातला दुरुस्तीचा माणूस केन ब्रॅन आणि ईएमआयमध्ये उमेदवारी करणारा डडली क्रेव्हन नावाचा पोरगा यांनी फेंडरचा बासमन समोर ठेवून त्याचं सर्किट जवळपास जसंच्या तसं उचललं. १९६२ मध्ये जेटीएम ४५ विक्रीला आला. जेटीएम म्हणजे जिम, त्याचा मुलगा टेरी आणि मार्शल.

बासमन हा मुळात बास गिटारसाठी बनवलेला अ‍ॅम्प. गिटारवाल्यांनी तो आपल्यासाठी पळवला होता, आणि आता लंडनच्या दुकानदाराने सर्किटच पळवलं. पण नक्कल तंतोतंत उतरली नाही. सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळतील तेच घ्यावे लागले. ट्रान्सफॉर्मर वेगळा आला. पहिल्या जागेवरची ट्यूब फेंडरपेक्षा जास्त गेन देणारी, ईसीसी८३ लावली. पुढे पॉवर ट्यूबही ब्रिटिश केटी६६ झाल्या. मागून उघड्या पेटीत दहा इंची चार जेन्सन स्पीकर असायचे, त्याऐवजी बंद पेटीत बारा इंची चार सेलेस्टियन आले. कागदावर सर्किट तेच, पण अ‍ॅम्प लवकर फाटायला लागला आणि फाटल्यावर जाडसर, रेटा देणारा आवाज निघायला लागला. आपल्याकडे एखादी भाजी परगावी करायला घेतली आणि मसाला तिथलाच वापरला तर होतं तसं काहीसं.

मे १९६६ मध्ये डेक्काच्या स्टुडिओत जॉन मेयॉलच्या बँडबरोबर वाजवायला एरिक क्लॅप्टन आला, तो गिब्सन लेस पॉल आणि मार्शलचा दोन स्पीकरचा कॉम्बो घेऊन. तेव्हाची पद्धत अशी की स्टुडिओत गिटारवाल्याने आवाज कमी ठेवायचा, मोठा करायचं काम रेकॉर्डिंग इंजिनिअरचं. क्लॅप्टनने कार्यक्रमात लावतो तितकाच लावला आणि कमी करायला नकार दिला. इंजिनिअर गस डजनला ते पटलं नव्हतं, पण शेवटी माइक लांब ठेवून भागवलं. कमी आवाजात तो अ‍ॅम्प तसा वाजतच नाही, हे क्लॅप्टनला ठाऊक होतं. त्या वर्षी जुलैमध्ये आलेली ही रेकॉर्ड ऐकून हजारो पोरांनी ठरवलं की गिटार अशीच वाजली पाहिजे.

माझ्या मते पुढची गडबड इथून सुरू होते. रेकॉर्ड ऐकणाऱ्याला दोन गोष्टी एकच वाटतात : मोठा आवाज आणि फाटलेला आवाज.

त्या काळात मोठा अ‍ॅम्प लागायचा, त्याचं कारण साधं होतं. स्टेजवरची ध्वनिव्यवस्था जेमतेम गायकापुरती असायची. गिटारच्या अ‍ॅम्पला माइक लावून तो आवाज हॉलमध्ये सोडायची रीत नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत गिटार पोचवायची ती अ‍ॅम्पनेच. व्हॉक्स कंपनीचा एसी१५ शॅडोज बँडला किंचाळणाऱ्या पोरींपुढे कमी पडला, म्हणून दुप्पट ताकदीचा एसी३० आला. बीटल्सना तोही पुरेना. ऑगस्ट १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ते १०० वॉटचे व्हॉक्स घेऊन ५५ हजार लोकांसमोर उभे राहिले आणि तरी कोणाला धड ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दौरे बंद केले. त्याच सुमारास टाउनशेंडने मार्शलकडे १०० वॉट मागितले आणि एकाच पेटीत आठ स्पीकर. ती पेटी उचलता उचलेना, म्हणून तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले. रॉक कॉन्सर्टच्या फोटोत गिटारवाल्याच्या मागे दिसणारी ती भिंत हमालीच्या अडचणीतून आली आहे. पुढे जिमी हेंड्रिक्सनेही हीच भिंत मागे उभी केली. त्याचं पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स, हा निव्वळ योगायोग. १९७६ मध्ये टाउनशेंडच्या ‘द हू’ची लंडनच्या चार्ल्टन मैदानावर १२६ डेसिबलची विक्रमी नोंद झाली. आपल्या कानांचं कायमचं नुकसान झालंय, हे टाउनशेंडने नंतर स्वतःच सांगितलं.

मग १९७० च्या दशकात मोठ्या ध्वनिव्यवस्था आल्या, प्रत्येक वाद्याला माइक लागला आणि १०० वॉटची गरजच संपली. भिंत मात्र राहिली. पुढे पुढे तर काही बँड रिकाम्या पेट्या शोभेला रचत.

मधे ट्रान्झिस्टरही येऊन गेला. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर कंपनी विकत घेतली आणि १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प काढले. हलके, थंड राहणारे, कागदावर सगळ्या बाबतीत सरस. १९७१ पर्यंत ते बाजारातून गेले. रेडिओ, टीव्ही, हायफाय सगळीकडून ट्यूब हद्दपार झाली आणि पाश्चिमात्य कारखाने एकेक करून बंद पडले. आज गिटारच्या ट्यूब मुख्यतः रशियातल्या सारातोव्हमधून, स्लोव्हाकियातून आणि चीनमधून येतात. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा जगभरचे गिटारवाले चार-चार ईएल३४ साठवून ठेवायला धावले.

आता त्या ग्रुपवरच्या प्रश्नाकडे येऊ. वॉट आणि कानाला जाणवणारा मोठेपणा यांचं गणित सरळ नाही. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे ५० वॉटचा अ‍ॅम्प ५ वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा ढोबळमानाने दुप्पट मोठा. चांगला गिटार स्पीकर एका वॉटवर, एका मीटरवर शंभरेक डेसिबल देतो. पुण्या-मुंबईतल्या पबच्या कोपऱ्यातल्या स्टेजवर, ड्रमच्या शेजारी, माइक लावलेला १५ वॉटचा अ‍ॅम्प पुरून उरतो. आणि मुख्य म्हणजे तो तिथे पाच-सहावर लावता येतो, म्हणजे त्याच्या मर्यादेजवळ. ५० वॉटचा घेतलात तर साउंडवाला दुसऱ्या गाण्याला हात खाली करून दाखवणार आणि तुमच्या महागड्या पॉवर ट्यूब रात्रभर झोपा काढणार.

क्लॅप्टनने पुढे ‘लायला’च्या वेळी फेंडरचा इवलासा चॅम्प वापरला, तो ५ वॉटच्या आसपासचा. नील यंग स्टेडियममध्ये वाजवतो तो १९५९ चा फेंडर डीलक्स, सुमारे १५ वॉट. पुढे माइक.

उलट बाजूही आहे. तुम्ही जॅझ वाजवता, किंवा पेडलांचा ताफा लावता आणि खाली स्वच्छ आवाजच हवा, तर मोठा अ‍ॅम्पच घ्यावा लागेल. फेंडर ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटपर्यंत सहसा फाटत नाही. लिओला हवं होतं ते हेच. फक्त त्याचं वजन तीसेक किलो असतं, आणि गच्चीवरच्या पबला लिफ्ट असेलच असं नाही.

अमेरिकेहून जुना अ‍ॅम्प आणवणार असाल तर तो तिथल्या ११०–१२० व्होल्टवर चालणारा आहे. आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला तर एकदाच वाजेल. दणकट स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि अर्थिंग नीट करून घ्या, कारण त्या काळच्या अ‍ॅम्पना दोनच पिनांची वायर असे. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि यूट्यूब बघून मागचं झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ४०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. माणूस मरतो त्याने.

हे सगळं नको असेल तर संगणक आहेच. २०१९ मध्ये खुद्द फेंडरने ट्विन रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती काढली. वजन जवळपास निम्मं, ट्यूब एकही नाही, मागे ताकद कमी करायचं स्विच. मूळचा ८५ वॉटचा अ‍ॅम्प फाटताना जे करतो ते हुबेहूब यावं म्हणून तिच्यात २०० वॉटचा डिजिटल अ‍ॅम्प बसवला आहे. न्यूरल नेटवर्कला एखाद्या अ‍ॅम्पचा आवाज शिकवणारी मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअरही आली आहेत. मी लॅपटॉपवर तीच वापरतो, आणि हेडफोनवर मला खऱ्या अ‍ॅम्पशी फरक सांगता येत नाही. एका प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये सॅगसाठी वेगळा नॉब आहे. तो फिरवला की प्रोसेसर दर सेकंदाला हजारो वेळा हिशोब करतो : १९५९ सालची एक रेक्टिफायर ट्यूब आत्ता असती, तर या सुराला तिचं व्होल्टेज किती खाली बसलं असतं.