पाठ्यपुस्तक संपल्यावर काय? ब्लूज पियानो आणि साधनांची निवड

नेट-सेट किंवा पेटची तयारी करताना ‘प्राथमिक साधन’ आणि ‘दुय्यम साधन’ यांच्या व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. प्रत्यक्ष विषय हातात आला की मात्र गडबड होते, कारण एकच वस्तू एका प्रश्नासाठी प्राथमिक असते आणि दुसऱ्या प्रश्नासाठी दुय्यम. आज हे एका वेगळ्या उदाहरणातून बघू: ब्लूज पियानो शिकण्याची साधनं.

समजा, तुम्हाला ब्लूजचं सुरुवातीचं येतं. म्हणजे बारा बारचा साचा (एक बार म्हणजे साधारण चार ठोके), त्यातले तीन कॉर्ड, डाव्या हाताचा एक ठेका आणि उजव्या हातासाठी ब्लूजची स्वरमालिका. आता पुढे काय घ्यायचं? नोटेशनचं पुस्तक, जुन्या रेकॉर्ड, की पियानो रोल? प्रश्न वादकाचा वाटतो, पण त्याचं उत्तर इतिहासात आहे. यातलं प्रत्येक साधन कुणीतरी, कुणासाठी तरी, काही हेतूने तयार केलेलं आहे.

छापील कागद

अमेरिकेच्या दक्षिणेत लाकूडतोडीच्या छावण्यांमध्ये आणि दारूच्या अड्ड्यांवर कृष्णवर्णीय वादक रात्र-रात्र पियानो वाजवत. त्यांच्यापैकी बहुतेकांचं ना नोटेशन उरलं, ना आवाज. छपाईत ब्लूज ठळकपणे दिसू लागला तो १९१२ पासून. त्या वर्षी डब्ल्यू. सी. हँडी यांचं ‘मेम्फिस ब्लूज’ आलं आणि १९१४ मध्ये ‘सेंट लुइस ब्लूज’. हँडी हे बँड चालवणारे, नोटेशन जाणणारे संगीतकार. त्यांचा कागद विकत घेणारा माणूस घरी पियानोवर किंवा बँडमध्ये तो वाचून वाजवणार होता. साहजिकच कागदावरचा ब्लूज नीटनेटका, वाचता येईल असा झाला.

आजही पहिल्या पायरीच्या पुस्तकांत हाच नीटनेटकेपणा आढळतो. पण लिरॉय कारचं १९२८ मधलं ‘हाऊ लाँग, हाऊ लाँग ब्लूज’ ऐका. पियानो ब्लूजमधली ही अतिशय प्रभावी रेकॉर्ड, आणि तिचा साचा आहे आठ बारचा! ‘ब्लूज म्हणजे बारा बार’ एवढंच शिकलेला विद्यार्थी इथे अडतो. चूक कारची नाही. शिकवण्याच्या सोयीसाठी जे सोपं केलं, त्यालाच आपण पुढे नियम समजून बसलो.

पियानो रोल

भोकं पाडलेला कागदाचा रोल यंत्रात घातला की पियानो आपोआप वाजतो आणि पट्ट्याही खाली जाताना दिसतात. ड्यूक एलिंग्टन आणि फॅट्स वॉलर यांनी जेम्स पी. जॉन्सनचे रोल असे हळू चालवून त्यावरून बोटं बसवली. जॉन्सनची शैली ‘स्ट्राइड’, म्हणजे ब्लूज पियानोची जवळची नातेवाईक. रोलचा फायदा स्पष्ट आहे: वेग कमी केला तरी स्वर उतरत नाही. पण साध्या रोलमध्ये बोटाचा दाब, म्हणजे कुठला स्वर जोरात आणि कुठला हळू, हे उतरत नसे. शिवाय कारखान्यात जास्तीची भोकं पाडून स्वर वाढवता येत. म्हणजे बोटं कुठे पडतात हे रोल सांगेल, स्पर्श कसा होता हे नाही.

रेकॉर्ड

१९२० मध्ये मेमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ खपलं आणि कंपन्यांना कृष्णवर्णीय श्रोत्यांची बाजारपेठ दिसली. पुढच्या काही वर्षांत पियानोवादकही स्टुडिओत पोहोचले. पाइनटॉप स्मिथने डिसेंबर १९२८ मध्ये ‘पाइनटॉप्स बूगी वूगी’ मुद्रित केलं आणि मार्च १९२९ मध्ये शिकागोच्या एका नाचघरात गोळी लागून तो गेला. ती रेकॉर्ड झाली नसती तर आज त्याच्या वादनाबद्दल आपण काय बोललो असतो?

म्हणून रेकॉर्ड हे सगळ्यात मोलाचं साधन आहे. पण तिलाही मर्यादा आहेतच. दहा इंची तबकडीवर साधारण तीनच मिनिटं मावत. अड्ड्यावर नाचणारे थांबेपर्यंत चालणारं वादन त्या तीन मिनिटांत कसं बसणार? दुसरं, त्या काळच्या मुद्रणयंत्रांचा वेग काटेकोर नसे, त्यामुळे रेकॉर्डवरून काढलेली पट्टी हा अंदाज असतो. आणि तिसरं, कुणाला बोलवायचं हे कंपनी ठरवायची. जिमी यान्सी शिकागोच्या बेसबॉल मैदानाची देखभाल करायचा. त्याचं पहिलं मुद्रण झालं थेट १९३९ मध्ये. अल्बर्ट अॅमन्स आणि मीड लक्स लुइस हे त्याच्याकडून शिकलेले, पण नाव आधी त्यांचं झालं.

स्वरलेखन

१९७३ आणि १९७४ मध्ये एरिक क्रिस यांची दोन पुस्तकं आली: ‘सिक्स ब्लूज-रूट्स पियानिस्ट्स’ आणि ‘बॅरलहाऊस अँड बूगी पियानो’. पहिल्या पायरीच्या पुढे जाणाऱ्यासाठी अशी पुस्तकं फार उपयोगी, कारण ती साचा न शिकवता प्रत्यक्ष वादकांचं वादन समोर ठेवतात.

पण कागदावर काय उतरतं आणि काय नाही? हार्मोनियमवर जशी मींड निघत नाही, तसाच पियानोवर स्वर ओढता येत नाही. वादक शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकत्र दाबून तो भास निर्माण करतो. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, हे नोटेशन सांगू शकत नाही. यान्सीची आणखी एक गंमत. तुकडा कुठल्याही पट्टीत असो, तो बऱ्याचदा शेवट करायचा ई-फ्लॅटमध्ये. व्याकरणाच्या हिशेबाने ही चूक. एखाद्या संपादकाने ती ‘दुरुस्त’ केली, तर पान सुबक होईल, पण यान्सी गायब होईल.

मग निवडायचं कसं?

कुठलंही साधन उचलताना तीन प्रश्न विचारा. हे कुणी, कुणासाठी केलं? यात काय मावलंच नाही? आणि मधल्या माणसाने काय बदललं असेल?

वादकाला यातून क्रम मिळतो. आधी एकच वादक निवडा आणि त्याची रेकॉर्ड तोंडपाठ होईपर्यंत ऐका. मग स्वरलेखन उघडा, पण दुसऱ्या कुणीतरी ऐकून केलेलं टिपण म्हणून. जमत नसेल तिथे डावा हात आधी एकटा बसवा, कारण या शैलीचा कणा तिथेच आहे. पुस्तक आणि कान यांचं पटलं नाही, तर कानाकडे परत जा.

संशोधकाला यातून वर्गीकरण मिळतं. ‘१९२८ मध्ये पाइनटॉपने काय वाजवलं?’ या प्रश्नासाठी रेकॉर्ड प्राथमिक, क्रिस यांच्यासारखं पुस्तक दुय्यम. पण ‘१९७० च्या दशकात ब्लूज कसा शिकवला गेला?’ असा प्रश्न असेल, तर तेच पुस्तक प्राथमिक होतं! साधन बदललं नाही, प्रश्न बदलला.

हेतूही तपासायला विसरू नका. १९३८ मध्ये अॅलन लोमॅक्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी जेली रोल मॉर्टनला मुद्रित केलं. त्यात मॉर्टन जुन्या, कधीच मुद्रित न झालेल्या वादकांच्या शैली वाजवून दाखवतो. अनमोल साधन! पण त्याच वर्षी तो ‘जॅझ मीच १९०२ मध्ये निर्माण केलं’ असाही दावा करत होता. म्हणून त्याची साक्ष फेकायची नाही, आणि डोळे मिटून मानायचीही नाही. ज्यांचा आवाज उरला नाही, त्यांच्यापर्यंत जायला हीच एक अरुंद वाट आहे.

या आठवड्यासाठी छोटा सराव. यान्सीची एक रेकॉर्ड आणि तिचंच एखादं स्वरलेखन घ्या. दोन्हींत जिथे फरक वाटतो अशा पाच जागा लिहून काढा, आणि प्रत्येक जागेपुढे एका ओळीत कारण लिहा. तुमच्या संशोधन आराखड्यातला साधनांचा भाग लिहायला बसाल, तेव्हा याच पाच ओळी कामी येतील. विषय ब्लूजचा असो, पोवाड्यांचा असो की गिरणी कामगारांच्या पत्रकांचा.